छायाचित्रणाच्या प्रात्यक्षिक कार्यशाळा: शिकणाऱ्याच्या हाताला काय मिळते?

नीलछाया (पुणे)

छायाचित्रणाच्या कार्यशाळांच्या जाहिराती हल्ली रोज नजरेस पडतात, आणि त्यांना प्रतिसादही चांगला असतो. त्यांपैकी बऱ्याच कार्यशाळांचे स्वरूप मात्र असे असते, की प्रशिक्षक दिवे स्वतः लावतात, मॉडेलला स्वतः उभे करतात, कॅमेऱ्याचे आकडे फळ्यावर लिहून देतात आणि मग एकेकाने पुढे होऊन बटण दाबायचे असते. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाच्या कार्डावर एक देखणे चित्र असते, आणि ते शेजारच्याच्या चित्रासारखेच असते. अशा ठिकाणी चित्र मिळते, पण तंत्र हाती लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ज्या निर्णयांमुळे ते चित्र घडले त्यांतला एकही निर्णय शिकणाऱ्याने घेतलेला नसतो.

म्हणून येथे फक्त अशा कार्यशाळांविषयी लिहावे, जिथे साहित्य शिकणाऱ्याच्या हातात असते आणि चुकण्याची मुभाही त्यालाच असते. मी सायनोटाइपपासून, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळे ठसे उमटवण्याच्या पद्धतीपासून, सुरुवात करते, कारण मी ते शिकले अशाच पद्धतीने आणि आता शिकवतेही तसेच.

ब्रिटिश शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी ही पद्धत १८४२ मध्ये शोधली. वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ पासून तिच्या साहाय्याने समुद्रशैवालांच्या ठशांचे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध करायला सुरुवात केली, आणि छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. कृती थोडक्यात अशी आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात, असे दोन द्राव वेगवेगळ्या गडद बाटल्यांत ठेवायचे आणि लागतील तेवढेच समप्रमाणात एकत्र करायचे. ट्यूबलाइट बंद करून मंद पिवळ्या बल्बच्या उजेडात ते कागदावर पसरायचे, अंधारात वाळवायचे, वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचे, उन्हात न्यायचे आणि शेवटी साध्या पाण्याने धुवायचे. एवढे वाचून कोणालाही वाटेल, की यासाठी कार्यशाळेची गरजच काय.

गरज पहिल्या ब्रशपासून लागते. ब्रशला धातूची पट्टी असेल तर द्राव तिला लागतो आणि कागदावर निळे ठिपके उमटतात, म्हणून फोमचा ब्रश घ्यावा लागतो. द्राव एकदा आडवा आणि एकदा उभा पसरायचा असतो. तो कमी पडला तर थर चट्ट्यांचा होतो, जास्त झाला तर कडेला डबके साचते आणि तिथला निळा रंग धुताना वाहून जातो. हाताचा दाब किती असावा हे शब्दांत सांगता येत नाही, पण शेजारी उभा असलेला जाणता माणूस मनगट किंचित सैल करायला सांगतो आणि पुढचा कागद एकसारखा रंगतो.

त्याहून महत्त्वाचा निर्णय उन्हात घ्यावा लागतो. लावलेला थर उसाच्या रसासारखा पिवळट हिरवा असतो. उन्हात गेल्यावर तो आधी निळसर होतो, मग करडा पडतो, आणि जिथे सर्वांत जास्त प्रकाश लागला आहे तिथे त्याला काशाच्या भांड्याची झाक येते. ती झाक आल्यावरच कागद उचलायचा असतो. नवखे लोक निळा रंग दिसताच कागद उचलतात, आणि धुतल्यावर हाती फिकट, दुबळे चित्र राहते. मे महिन्यातल्या पुण्याच्या दुपारी जे काही मिनिटांत होते त्यालाच डिसेंबरच्या संध्याकाळच्या उन्हात कितीतरी अधिक वेळ लागतो. त्यामुळे पुस्तकातला आकडा इथे कामाला येत नाही, रंग ओळखणारा डोळाच लागतो. मी शिकणाऱ्यांना पहिल्या कागदावर चित्र करूच देत नाही. त्याच्या पट्ट्या करून प्रत्येक पट्टी वेगवेगळा वेळ उन्हात ठेवायची आणि धुतलेल्या पट्ट्या ओळीने मांडायच्या, एवढेच त्यांना करायला सांगते.

पानांची निवडही अशीच करून कळते. पिंपळाचे जाळीदार झालेले पान शिरांसकट उमटते, शेवग्याची डहाळी छान नाजूक दिसते, पण जाडजूड पानाची नुसती पांढरी आकृती मिळते. जास्वंदीच्या पाकळीतून थोडा प्रकाश आरपार जातो, त्यामुळे तिच्या आत निळ्याच्या छटा येतात. कोणत्या वस्तूतून प्रकाश किती जातो, हा विचार एकदा मनात रुजला की माणूस कॅमेऱ्यातूनही वेगळे पाहू लागतो. माझ्या दृष्टीने या कार्यशाळेची खरी मिळकत हीच आहे.

एक सूचना आवर्जून करते. पोटॅशियम फेरिसायनाइड फारसे विषारी नसले, तरी ते तीव्र आम्लात मिसळल्यास किंवा फार तापवल्यास त्यातून विषारी वायू निघू शकतो. म्हणून हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि लहान मुलांना रसायन मिसळायला देऊ नये.

अशी हाताने शिकण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि त्या सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले मान्यवर छायाचित्रकार होते. तेव्हाच्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत, म्हणजे काचेवर रसायनाचा थर देऊन चित्र घेताना, काच ओली असतानाच चित्र घेऊन ते धुवावेही लागे, त्यामुळे तेव्हा पाहून शिकणे आणि करून शिकणे यांत अंतर ठेवणे शक्यच नव्हते.

तिपाई (मुंबई)

नीलछायाताई, पट्ट्या ओळीने मांडण्याची आपली पद्धत मला फार पटली, कारण दीर्घ एक्स्पोजर, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवून चित्र घेणे, शिकवतानाही मी नेमके तेच करतो.

वांद्र्याच्या बँडस्टँडजवळ ओहोटीला काळे खडक उघडे पडतात. तिथे प्रत्येकाला एकच चौकट ठरवायला सांगतो आणि ट्रायपॉड हलवायला मनाई करतो. मग त्याच खडकावर येणारी लाट १/२५०, १/१५, १/२, ४ आणि ३० सेकंद अशा वेगवेगळ्या शटरवेगांनी टिपायची. पहिल्या चित्रात पाण्याचे थेंब सुटे दिसतात, अर्ध्या सेकंदाच्या चित्रात परतणाऱ्या पाण्याचे धागे खडकावरून खाली ओघळताना दिसतात, आणि तीस सेकंदांत समुद्राचे धुके होते. जाहिरातींमध्ये हे धुकेच जास्त दिसते. माझ्या मते अर्ध्या सेकंदाचे चित्र बहुतेक वेळा अधिक बोलके असते, कारण त्यात पाण्याची दिशा शिल्लक राहते. पाच चित्रे शेजारी ठेवल्यावर शिकणाऱ्याला हे मी सांगावे लागत नाही. कोणाला धुकेच आवडले तर तेही उत्तम, कारण ती निवड आता त्याने समजून केलेली असते.

दिवसाउजेडी तीस सेकंदांपर्यंत जायचे तर एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची प्रकाश कमी करणारी गडद काच, लागतो. प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो, म्हणून दहा स्टॉपचा फिल्टर तो १०२४ पटींनी कमी करतो, म्हणजे फिल्टरशिवाय १/६० सेकंद योग्य असेल तर फिल्टर लावल्यावर सुमारे १७ सेकंद लागतात. सहा स्टॉपचा फिल्टर असेल तर तेच गणित सुमारे एका सेकंदावर येते. हे गणित मोबाइलमधले ॲप करून देते, तरीही मी सुरुवातीला ते तोंडी करायला लावतो. प्रकाश किती पटींनी बदलतो हे मनात बसले, की ढग आल्यावर किती वेळ वाढवायचा याचा अंदाज हात आपोआप घेतो.

क्रमही अंगवळणी पडावा लागतो. आधी चौकट ठरवायची, मग फोकस करून तो मॅन्युअलवर न्यायचा आणि त्यानंतरच फिल्टर लावायचा, कारण गडद फिल्टरमधून ऑटोफोकस बहुधा चाचपडतो. लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हादरे सावरण्याची सोय) बंद करायचे. डीएसएलआर असेल तर मागची डोळा लावण्याची खिडकी झाकायची, नाहीतर तिच्यातून शिरलेला प्रकाश चित्रावर पट्टा उमटवतो. हे सगळे वाचलेला माणूससुद्धा किनाऱ्यावर वारा सुटला की एखादी पायरी गाळतो, आणि ती गाळलेली पायरी ताबडतोब दाखवून देणारे कोणी जवळ असणे हाच प्रात्यक्षिकाचा लाभ आहे.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय खडकांवर कोणालाही नेऊ नये आणि पावसाळ्यात तर मुळीच नेऊ नये. ज्या आयोजकाला त्या दिवसाची भरतीची वेळ सांगता येत नाही, त्याच्या मागे समुद्रावर जाऊ नये, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो.

काठावरचा (ठाणे)

दोन्ही प्रतिसाद वाचनीय आहेत. तरीही एक शंका मनात राहते. वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट व्हिडिओंमध्ये फुकट उपलब्ध आहे, आणि तीसुद्धा हवी तेव्हा थांबवून पुन्हा पाहता येते. एका दिवसाच्या कार्यशाळेचे शुल्क मात्र नोकरदार माणसाने दोनदा विचार करावा इतके असते. तेच पैसे एखाद्या चांगल्या ट्रायपॉडवर खर्च करून घरी सराव केला तर अधिक फायदा होणार नाही का? आपल्यासारख्या जाणकारांना मी आव्हान देत नाही, मला खरोखरच निर्णय घ्यायचा आहे.

नीलछाया (पुणे)

आपला प्रश्न रास्त आहे. ट्रायपॉड नसेल तर आधी तो घ्यावा, यात मला शंका नाही. व्हिडिओंमधून माहिती उत्तम मिळते आणि मी स्वतः त्यांचा भरपूर उपयोग करते.

परंतु व्हिडिओमधला शिक्षक आपले चित्र पाहू शकत नाही. माझा फिकट ठसा फिकट का आला, थर पातळ होता म्हणून, ऊन कमी पडले म्हणून की कागदच अल्कलीयुक्त (आम्लाच्या उलट गुणाचा) होता म्हणून, हे मला एकटीला ठरवता येत नाही, कारण तिन्ही कारणांचा परिणाम वरवर पाहता एकसारखाच दिसतो. जाणता माणूस ठसा हातात घेतो, कडेचा रंग पाहतो, कागदाची मागची बाजू पाहतो आणि कारण सांगतो. मग ते कारण खरे आहे का, हे लगेच दुसरा कागद करून तपासता येते. चूक होणे आणि तिचे कारण कळणे यांत आठवड्याचे अंतर पडले, तर तोवर हाताने काय केले होते हेच आठवत नाही.

दुसरा लाभ सहाध्यायींचा असतो. एकाच उन्हात, एकाच रसायनाने, एकाच टेबलावर पाचजणांनी केलेले ठसे वेगवेगळे येतात, तेव्हा फरक कोणत्या कृतीमुळे पडला हे स्पष्ट दिसते. घरी एकट्याने करताना अशी तुलना मिळत नाही. मात्र हा लाभ लहान गटातच मिळतो. आपण म्हणता तेवढे शुल्क भरून मोठ्या सभागृहात मागच्या रांगेत बसायचे असेल, तर व्हिडिओच बरा.

अंधारयात्री (नाशिक)

मी रात्रीच्या छायाचित्रणाच्या कार्यशाळांना मदतनीस म्हणून जातो, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो.

प्रकाशाने रंगवण्याचे तंत्र, म्हणजे लाइट पेंटिंग, हे अनेकांना हवेत टॉर्च फिरवून अक्षरे काढण्यापुरतेच माहीत असते. त्यालाही मोठी परंपरा आहे. कलाकार मॅन रे यांनी १९३५ मध्ये कॅमेऱ्यासमोर प्रकाशाच्या रेघा ओढल्या, आणि १९४९ मध्ये पिकासोने हवेत प्रकाशाने काढलेली चित्रे छायाचित्रकार ग्यॉन मिली यांनी टिपली. पण आमच्या कार्यशाळेत भर असतो तो टॉर्चने वस्तू उजळण्यावर. अंधारात एखादी जुनी दगडी भिंत किंवा झाड निवडायचे, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) एफ ८ आणि शटर ३० सेकंद ठेवून सुरुवात करायची, आणि त्या तीस सेकंदांत टॉर्च घेऊन चौकटीत फिरायचे.

इथे पहिली गोष्ट शिकायला मिळते ती बाजूच्या प्रकाशाची. कॅमेऱ्याशेजारी उभे राहून भिंतीवर झोत टाकला तर भिंत सपाट, निर्जीव दिसते. तोच झोत भिंतीला जवळजवळ चिकटून, बाजूने घासत नेला, की प्रत्येक दगडाची छिन्नीची खूण उठून येते. हे दोन्ही शिकणाऱ्याने स्वतः चालून करायचे असते. अंगात काळे कपडे हवेत, पाय एका जागी थांबता कामा नयेत आणि टॉर्चचे तोंड कॅमेऱ्याकडे वळता कामा नये, म्हणून तिला काळ्या कागदाची नळी बसवतो. एलईडी टॉर्चचा थंड पांढरा प्रकाश दगडाला मारक ठरतो. त्यावर नाटकाच्या दिव्यांना लावतात तसला पिवळसर जिलेटिन कागद लावला, की दगडाचा रंग जिवंत होतो. एकाने कॅमेऱ्याजवळ सेकंद मोठ्याने मोजायचे, दुसऱ्याने टॉर्च चालवायची, आणि पुढच्या चित्राला जागा बदलायच्या. मोजणाऱ्याला प्रकाशाचा मार्ग पाहायला मिळतो आणि फिरणाऱ्याला वेळेचे भान येते, म्हणून दोन्ही कामे प्रत्येकाने करावीत असा आमचा आग्रह असतो.

ताऱ्यांच्या फिरत्या रेषांविषयी एक स्थानिक मुद्दा सांगण्यासारखा आहे. युरोपातली चित्रे पाहून लोकांना ध्रुवतारा आकाशात उंच असेल असे वाटते. प्रत्यक्षात ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते. नाशिकला ती सुमारे २० अंश आणि पुण्याला साडेअठरा अंश येते. त्यामुळे आपल्याकडे उत्तरेला जवळ डोंगर असेल तर ध्रुवतारा त्याच्याआडच राहतो, आणि मोठ्या वर्तुळांचा खालचा भाग क्षितिजाखाली जातो. जागा निवडायला दिवसाउजेडी कंपास घेऊन जावे लागते ते याचसाठी. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून ठसठशीत कमानी हव्या असतील तर दोन तास तरी एकापाठोपाठ एक तीस-तीस सेकंदांची चित्रे घ्यावी लागतात. त्या वेळी कॅमेऱ्यातील दीर्घ एक्स्पोजरचे नॉइज रिडक्शन (चित्रातले नको असलेले ठिपके काढण्याची सोय) बंद ठेवावे. ते चालू राहिले तर प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून राहतो आणि रेषांमध्ये खंड पडतो. हिवाळ्यात पहाटेकडे लेन्सवर दव जमते, तेव्हा अधूनमधून टॉर्च आडवी धरून काच तपासावी लागते.

संरक्षित किल्ल्यांवर सूर्यास्तानंतर थांबण्याची परवानगी नसते. आयोजक तरीही नेत असतील तर जाऊ नये. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर याहून निवांत काम होते. आणि मे महिन्याच्या अखेरीस भंडारदरा परिसरात काजव्यांसाठी जाणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, की तिथे टॉर्चचे कोणतेही प्रयोग करू नयेत. काजव्यांचे लुकलुकणे हा त्यांच्या मीलनाचा संकेत असतो आणि आपल्या प्रकाशाने तो विस्कटतो.

शाळेचीघंटा (रत्नागिरी)

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इथली चर्चा मोठ्यांच्या कार्यशाळांविषयी चालली आहे, परंतु मुलांबरोबरचा अनुभवही याच मुद्द्याला बळ देणारा आहे.

आम्ही सूचिछिद्र कॅमेरा करतो. झाकणाचा पत्र्याचा डबा आतून काळ्या मॅट रंगाने रंगवायचा, त्याला एका बाजूला भोक पाडून तिथे शीतपेयाच्या कॅनचा छोटा तुकडा चिकटवायचा, आणि त्या तुकड्याला सुईने छिद्र पाडायचे. सुई आरपार खुपसायची नाही. टोकाने उंचवटा आणायचा, मागून तो पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा सुई टेकवायची, असे हळूहळू छिद्र उघडायचे. डब्याची खोली १२ सेंटिमीटर असेल तर छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचे हवे. छिद्र मोठे झाले तर चित्र मऊ आणि अस्पष्ट येते, पण फार लहान केले तरी प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरण्यामुळे, तीक्ष्णता जाते. "लहान छिद्र म्हणजे स्पष्ट चित्र" असे पाठ करून आलेल्या मुलांना ही मर्यादा आपल्याच डब्यात दिसते, तेव्हा विवर्तनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

एवढ्या मापांचा डबा म्हणजे अपर्चर सुमारे एफ २४०. त्यात लाल दिव्याच्या उजेडात फोटोचा कागद बसवला, तर लख्ख उन्हात पाऊण ते एक मिनिटाचे एक्स्पोजर लागते. शटर म्हणजे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा. डबा दगडाने दाबून ठेवायचा, टेप काढायची आणि सर्वांनी एका सुरात आकडे मोजायचे. त्या मिनिटात धावणारी मुले चित्रात उमटतच नाहीत आणि स्तब्ध बसलेली उमटतात. पहिल्या वेळी हे पाहून मुले इतकी चकित होतात, की पुढच्या चित्रासाठी कोण हलणार आणि कोण थांबणार याची योजना ती आपणच करू लागतात. सर्जनशीलता शिकवायची म्हणजे काय, हे मला त्या योजना ऐकताना उमगत गेले.

फोटोच्या कागदावर चित्र उमटवणारे डेव्हलपर आणि ते टिकवणारे फिक्सर ही रसायने आमच्याकडे सहज मिळत नाहीत. ते नसतील तेव्हा आम्ही वर्गाचाच कॅमेरा करतो. खिडक्या-दारे काळ्या कापडाने आणि पुठ्ठ्याने बंद करायची, मैदानाकडच्या खिडकीत पुठ्ठ्याला एक सेंटिमीटरचे भोक ठेवायचे, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत शांत बसायचे. काही मिनिटांनी समोरच्या भिंतीवर मैदान, माड आणि चालणारी माणसे उलटी दिसू लागतात, रंगांसकट. यासाठी एक रुपयाही लागत नाही. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर सूचिछिद्र छायाचित्रणाचा दिवस पाळतात, पण तेव्हा शाळेला परीक्षा किंवा सुट्टी असल्याने आम्ही हे थंडीत, आकाश निरभ्र असताना करतो.

सागवनी (नागपूर)

मोबाइलवर काम करणाऱ्यांनाही यात जागा आहे, एवढेच नोंदवतो. हेतुपूर्वक कॅमेरा हलवण्याचे तंत्र आम्ही सागाच्या जंगलाच्या कडेला शिकलो. खोडे उभी असतात, म्हणून १/८ सेकंदाच्या आसपास शटर ठेवून कॅमेरा सरळ खालून वर न्यायचा. खोडांच्या रेषा राहतात आणि बाकीचे रंग एकमेकांत मिसळतात. हात डावीकडे-उजवीकडे हलला तर खोडेच पुसली जातात. छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात बैलझुंजीची आणि खेळांची रंगीत चित्रे अशा धूसर गतीत घेतली, तेव्हा धूसरपणा हा दोष मानला जात असे. भरदुपारी इतका मंद शटर मिळत नाही, म्हणून सकाळी लवकर किंवा ढगाळ हवेत जावे. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर शटर हाताने ठरवता येतो.

प्रशिक्षकांनी आम्हाला सुरुवातीला कॅमेऱ्याशिवायच ती हालचाल करायला लावली होती. खांद्यातून हात उचलायचा, मनगटातून नाही. हालचाल बटण दाबण्याआधी सुरू झाली पाहिजे आणि शटर मिटल्यानंतर थांबली पाहिजे. एवढ्या एका सूचनेने चित्रे पालटली.

काठावरचा (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विशेषतः चूक का झाली हे शोधण्याविषयीचा नीलछायाताईंचा मुद्दा मला पटला. आता फक्त एवढे सांगावे, की पैसे भरण्यापूर्वी आयोजकांना काय विचारावे? जाहिरातीत तर प्रत्येक कार्यशाळा "प्रात्यक्षिकांसह" असते.

तिपाई (मुंबई)

सर्वांत आधी वेळाची विभागणी विचारा. दिवसभरातले किती तास साहित्य तुमच्या हातात असेल आणि किती तास तुम्ही पडद्याकडे पाहत असाल, हे आयोजकाला सांगता आले पाहिजे. निम्म्याहून कमी वेळ हाताला मिळणार असेल तर ती व्याख्यानमाला समजावी. दुसरे, एका प्रशिक्षकामागे किती शिकणारे आहेत ते विचारा. समुद्रावर मी एका वेळी आठांहून अधिक माणसे घेत नाही, कारण त्याहून जास्त जणांची चौकट मला प्रत्यक्ष पाहता येत नाही. रात्रीच्या कामात अंधारयात्रींचा गट याहूनही लहान असणार.

चित्रांवर बोलण्यासाठी वेळ राखून ठेवला आहे का, हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. दिवसभर चित्रे काढून संध्याकाळी प्रमाणपत्र घेऊन पांगणाऱ्या गटाला अर्धेच शिक्षण मिळते. प्रत्येकाने आपली दोन-तीन चित्रे निवडायची, त्यातली एक तरी फसलेली असावी, आणि ती का फसली हे आधी त्यानेच सांगायचे. प्रशिक्षकाने नंतर बोलायचे. अशा बैठकीत शिकणाऱ्याला बोलायची सवय लागते, आणि पुढे एकटा असताना तो स्वतःच्या चित्राशी तसाच बोलू लागतो. शुल्कात साहित्य धरले आहे का, हे विचारणे ओघाने आलेच. सायनोटाइपमध्ये कागद मोजून दोनच मिळणार असतील, तर पहिलाच ठसा बिघडण्याच्या भीतीने माणूस हात आखडता घेतो.

प्रशिक्षकाची स्वतःची चित्रे नावाजलेली आहेत की नाही, याला मी तितके महत्त्व देत नाही. त्याच्याकडे शिकलेल्यांची चित्रे मागून पाहावीत. ती एकमेकांपासून वेगळी दिसली तर निःशंक जावे.

माणदेशी (सातारा)

नीलछायाताई, आपल्या वर्णनावरून मी शनिवारी सायनोटाइप करून पाहिले. ऊन उत्तम होते, काशाची झाक आली, धुताना निळा रंगही छान उठला. पण जसजसे धूत गेलो तसतसे चित्र फिके होत गेले आणि वाळल्यावर पिवळट छटा राहिली. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे आणि कागद साधा चित्रकलेच्या वहीचा होता. दोष कशात असावा?

नीलछाया (पुणे)

आपण वर्णन इतके नेमके केले आहे, की निदान करणे सोपे जाते. रंग उठल्यानंतर धुताना फिका होत गेला, याचा अर्थ ऊन आणि थर दोन्ही ठीक होते. सायनोटाइपमधला प्रशियन निळा रंग अल्कलीत टिकत नाही, आणि बोअरचे जड पाणी बहुधा अल्कलीयुक्तच असते. पहिल्या धुण्याच्या पाण्यात लिटरमागे चमचाभर पांढरे व्हिनेगर किंवा चिमूटभर लिंबूसत्व घाला आणि त्यात काही मिनिटे ठसा ठेवा. शेवटचे धुणे पावसाच्या साठवलेल्या किंवा आरओच्या पाण्याने करा. पांढऱ्या भागातली पिवळी छटा पूर्ण जाईपर्यंत धुवायला हवे, पण त्यापुढे उगाच भिजत ठेवू नये. निळा रंग लगेच गडद पाहायचा असेल तर शेवटी पाण्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. ते घातले नाही तरी हवेतल्या ऑक्सिजनने एखाद्या दिवसात रंग तितकाच चढतो.

उन्हाने फिका पडलेला ठसा अंधारात ठेवल्यावर बराचसा परत रंगतो. अल्कलीने गेलेला रंग मात्र परत येत नाही, त्यामुळे हे ठसे तुलनेसाठी जपून ठेवा.

कागदाविषयीही शंका घ्यायला जागा आहे. बऱ्याच कागदांत टिकाऊपणासाठी खडूची भुकटी घातलेली असते, आणि ती अल्कलीचेच काम करते. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेचा कापसापासून केलेला जाड कागद मिळतो. मी तोच वापरते, पण प्रत्येक नव्या गठ्ठ्यातल्या एका कागदाची आधी परीक्षा करते. एका कोपऱ्यावर द्राव लावून तो रात्रभर पूर्ण अंधारात ठेवायचा. सकाळी तो पिवळट हिरवाच राहिला असेल तर कागद चांगला, आपोआप निळा पडला असेल तर तो गठ्ठा या कामाचा नाही. आपल्या वहीतल्या एका पानावर हे आज रात्रीच करून पाहा. आणि त्याच वेळी दुसऱ्या तुकड्यावर छोटा ठसा करून तो बोअरऐवजी आरओच्या पाण्याने धुवा, म्हणजे दोष पाण्याचा होता की कागदाचा, हे उद्यापर्यंत वेगळे करता येईल.